फरक

बँकेत मी २९ वर्षं काढली. त्यातली पहिली अकरा हाताने लेजर लिहिण्यात गेली. संध्याकाळी बॅलन्सिंगला अठरा रुपयांचा फरक आला तर अठरा रुपये खिशातून टाकून घरी जाता यायचं नाही. फरक लागेपर्यंत बसायचं. फरकाला नऊने भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५७ चे ७५ केलेत, हे पहिल्याच महिन्यात शिकवलं जायचं. थोडक्यात, फरक या शब्दाशी माझी जुनी ओळख. आणि तरीही २०१२ साली, रुग्णांच्या एका मेळाव्यात, माइक हातात घेऊन, भरल्या सभागृहासमोर मी सांगितलं, "मला या कॅप्सूलने फरक पडला." टाळ्या पडल्या. ते वाक्य मला मागे घ्यायचं आहे.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. आमच्यातली माणसं नुसतं एमएस म्हणतात. शरीराची राखणदार फौज आपल्याच चेतातंतूंवरचं मायलिनचं अस्तर कुरतडते, असा तो प्रकार. २००६ च्या पावसाळ्यात, काउंटरवर बसलेली असताना, चेकवरचा लाल शिक्का उजव्या डोळ्याला विटकरी दिसायला लागला. डावा डोळा मिटला की विटकरी, उजवा मिटला की लाल. मला वाटलं, स्टँपपॅड सुकलं असेल. मग एक दिवस चेंबूर स्टेशनच्या पुलावर डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि मी तशीच पाच-सहा पायऱ्या उतरले. मागच्या माणसाने "ओ ताई, चप्पल" म्हणून हाक मारली तेव्हा कळलं की पायाखाली काय आहे हे पायाला कळत नाहीये. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून झालं, नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून याच मुंबईत आहे. मी मात्र त्या दिवसापर्यंत आजाराचं नावही ऐकलेलं नव्हतं.

२००८ पासून इंजेक्शन सुरू झालं. ग्लॅटिरामर. रोज एक, आपलं आपण टोचायचं. फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे त्याचा खोका. पोट, मांड्या, दंड असं आलटून पालटून. टोचलेल्या जागी गांधीलमाशी चावल्यासारखी गाठ यायची, आणि काही ठिकाणी कातडीखालची चरबी विरून कायमचे खळगे पडले. आमच्या आईने ते एकदा पाहिले आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.

या इंजेक्शनची अडचण अशी की त्याने काहीच वाटत नाही. ते बरं करत नाही. पुढचे झटके कमी करतं, आणि तेही सरासरीने, साधारण तिसरा हिस्सा. न आलेला झटका कुणाला दिसत नाही. पासबुकात जमा झालेली रक्कम दिसते, चोरीला न गेलेली दिसत नाही. तीन वर्षं मी रोज सुई टोचून घेतली आणि त्याबद्दल कधी कुणाला चांगलं बोलले नाही.

२०११ च्या मार्चमध्ये मोठा झटका आला. कमरेखाली दोन्ही पाय जड, डावा तर ओढतच न्यायचा. पाच दिवस स्टेरॉइडचं सलाइन. आम्ही तेव्हा टिळकनगरच्या जुन्या म्हाडा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या. हॉस्पिटलातून आले तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्या दोन मुलांनी खुर्चीत बसवून वर नेलं. इमारतीतल्या सगळ्या दारांतून लोक बघत होते. त्या दिवसाची लाज अजून अंगावर आहे.

मे महिन्यात अमेरिकेतल्या एडिसनहून भाची आली आणि एक पांढरी बाटली घेऊन आली. एल-फेनिलॲलनिन, ५०० मिलिग्रॅम, १२० कॅप्सूल. सोबत एक गोष्टही आणली होती. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये काम करणारी कॅरी लोडर नावाची बाई, तिला एमएस. लोफेप्रामिन नावाची नैराश्यावरची एक जुनी गोळी, जोडीला फेनिलॲलनिन आणि बी-१२, एवढ्यावर तिला उभारी आली. १९९६ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं आणि ब्रिटनमधले कितीतरी रुग्ण डॉक्टरांकडे तेच मागायला लागले. भाची म्हणाली, "मावशी, हे तर अमिनो ॲसिड आहे गं. खाण्यातच असतं. याने काय वाईट होणार?" यात खोटं काही नव्हतं. फेनिलॲलनिन दुधात आहे, डाळीत आहे, शेंगदाण्यात आहे. दीड अंड्यात एका कॅप्सूलइतकं असतं. पण बाटलीतलं ते अन्न आणि फ्रिजमधलं ते केमिकल, असं माझ्या मनाने त्याच दिवशी वाटून टाकलं.

चेंबूरच्या माणसाने असा विचार करावा हे खरं तर विनोदी आहे. अमिनो हा शब्दच अमोनियावरून आलेला. आमच्याकडे आरसीएफच्या खत कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो, हे इथल्या पोरांना शाळेतच कळतं. तो युरिया शेतात पडतो आणि त्यातला नायट्रोजन गव्हातांदळाची अमिनो आम्लं होऊन आपल्या ताटात येतो. केमिकल कुठे संपलं आणि अन्न कुठे सुरू झालं? पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी एक कॅप्सूल उघडून पावडर जिभेवर ठेवली, किंचित कडवट लागली, आणि औषध कडू म्हणजे गुणकारी असं वाटून बरंही वाटलं.

सकाळी एक, दुपारी एक. जूनच्या अखेरीस मी ५४ पायऱ्या एकदाच थांबून चढले. जुलैत न थांबता. ऑगस्टमध्ये बँकेत रुजू झाले. डोकंही हलकं, सकाळी उठावंसं वाटायला लागलं. कुणी विचारलं की मी कॅप्सूल सांगायची. न विचारताही सांगायची. पुढच्या वर्षी तो मेळावा झाला, माझं नाव पुकारलं, आणि मी बोलले. चांगलं बोलले. ५४ पायऱ्यांचा आकडा सांगितला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

त्यानंतर माझा फोन थांबेना. आमच्यातल्या माणसांना नंबर कसे मिळतात देव जाणे. आणि अनुभव तरी किती तऱ्हेचे! घाटल्याचे एक गृहस्थ म्हणाले, चौथ्या दिवसापासून झोप उडाली, छातीत धडधडतं. मी त्यांना म्हटलं, "दुपारनंतर घेऊ नका." जणू मी डॉक्टर. डोंबिवलीच्या एका मुलाला फेनिलॲलनिन मिळेना, म्हणून त्याने जिमवाल्यांचा अमिनोचा डबा आणला, दोन-दोन स्कूप दुधात, आणि महिनाभरात पोटाची वाट लावून घेतली. वाशीची एक मुलगी ॲसिटिल-कार्निटिन घ्यायची, थकव्यासाठी, आणि तिला बरं वाटायचं. तिच्याबाबतीत मी आजही हात आखडता घेते, कारण इटलीत ३६ रुग्णांवर त्याची अमँटाडिन या थकव्यावरच्या गोळीशी तुलना झाली होती, २००४ मध्ये ती छापून आली, आणि त्यात कार्निटिन थोडं उजवं ठरलं होतं. पुढे साऱ्या पुराव्याचा आढावा घेणाऱ्यांनी मात्र म्हटलं की एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. मला त्या मुलीचं कौतुक वाटायचं ते वेगळ्या कारणाने. ती म्हणायची, "काकू, मला बरं वाटतं, पण मी नोकरीही बदललीय." हे "पण" माझ्या भाषणात कुठेच नव्हतं.

ज्यांना काही झालं नाही त्यांचे फोन एकदाच आले. पुन्हा आले नाहीत. ज्यांना बरं वाटलं ते सणावारालाही करायचे. त्यामुळे दोन वर्षांनी माझ्या डोक्यात चित्र तयार झालं की बहुतेकांना फरक पडतोच. खातं बंद करून गेलेले लोक तक्रार करत नाहीत, त्यावरून शाखा उत्तम चालली आहे असं समजणाऱ्या मॅनेजरला आम्ही पाठीमागे काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

मग घाटकोपरच्या पंतनगरमधून एका आईचा फोन आला. मुलगी सव्वीस वर्षांची, लग्न ठरलेलं. मेळाव्यात दोघी होत्या. माझं ऐकून त्यांनी कॅप्सूल मागवल्या होत्या. मुलीला मांड्यांवरच्या खळग्यांचं फार लागायचं, लग्न तोंडावर, म्हणून तिने इंजेक्शन बंद केलं होतं. हे मला माहीत नव्हतं. मी कधीही इंजेक्शन बंद करा म्हटलं नव्हतं, स्वतः तर एकही दिवस चुकवलं नव्हतं; पण माइकवर मी ते सांगितलंही नव्हतं. इंजेक्शनचा शब्दच काढला नव्हता. आठ महिन्यांनी मुलीला झटका आला, डाव्या बाजूला, आणि तो पुरता भरून आला नाही. आता काठी लागते.

आई रागावायला फोन करत नव्हती. ती विचारत होती, "ताई, तुमच्या कॅप्सूल कुठल्या कंपनीच्या होत्या? बहुतेक आमच्या चुकीच्या आल्या."

मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला आणि २०११ ची डायरी काढली. मला रोजची नोंद ठेवायची सवय आहे, बँकेची डायरी फुकट मिळायची, त्यात भाजीपासून तापापर्यंत सगळं. एक कोरा कागद घेतला, मधून रेघ मारली आणि जमेची बाजू लिहायला बसले.

मार्च, स्टेरॉइड, पाच दिवस. या आजारात झटका बऱ्याचदा आपणहून ओसरतो, आठवड्यांत नाहीतर महिन्यांत. स्टेरॉइडने ओसरणं लवकर होतं. एप्रिल ६, रिपोर्ट, बी-१२ फार कमी. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा नाही, दूधही मी चहापुरतंच घेणारी. बी-१२ ची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू. बी-१२ ची कमतरता एकटीच हातापायांना मुंग्या आणते, तोल घालवते, एमएस नसलेल्यालाही. एप्रिल २०, फिजिओथेरपी, आठवड्यातून तीन वेळा, बाई घरी यायची, खुर्ची धरून उठाबशा. मे १९, कॅप्सूल. जून, पाऊस.

पावसाची नोंद मी आधी ओलांडूनच पुढे गेले होते. मग परत आले. एमएसच्या माणसाला उकाडा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. अंगाचं तापमान अर्धा अंश चढलं तरी अर्धवट सोललेल्या चेतातंतूंतून संदेश नीट जात नाही; डोळ्यापुढे धुकं, पायांत शिसं. १८९० मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने हे टिपलं, अजून त्याच्याच नावाने ओळखतात. एमआरआय नव्हते त्या काळी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे म्हणे. आमच्या गच्चीखालच्या खोलीला मे महिन्यात वेगळा टब लागत नाही. मी मेमध्ये कॅप्सूल सुरू केली आणि जूनमध्ये पाऊस आला. त्या वर्षी कॅप्सूल घेतली नसती आणि नुसते चणेफुटाणे खाल्ले असते, तरी जुलैत पायऱ्या हलक्याच झाल्या असत्या.

जमेच्या बाजूला पाच नोंदी. मी चार खोडून एक ठेवली होती, आणि ती ठेवायचं कारण एवढंच की ती माझी होती. बाकीच्या डॉक्टरच्या, फिजिओवाल्या बाईच्या, नाहीतर आभाळाच्या.

माझ्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याने दोन दिवसांनी एक जुना निबंध शोधून आणला. कॅरी लोडरच्या उपायाची ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली होती, २००२ मध्ये प्रसिद्धही झाली होती, म्हणजे माझ्या भाषणाच्या दहा वर्षं आधी. १३८ रुग्ण, २४ आठवडे. सगळ्यांना दर आठवड्याला बी-१२ चं इंजेक्शन. गोळ्या मात्र अर्ध्यांना खऱ्या आणि अर्ध्यांना खोट्या, कुणाला कुठल्या हे कुणालाच ठाऊक नाही. ६० गुणांच्या मोजपट्टीवर खोट्या गोळ्यावाल्यांची तब्येत दोन गुणांनी सुधारली. खऱ्या गोळ्यांनी त्यात भर घातली ती ०.६ गुणांची. साठात शून्य पूर्णांक सहा. मी तो आकडा बराच वेळ बघत होते. शून्य नव्हता तो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चाचणी करणारेही आणखी अभ्यास हवा म्हणतात. पण आम्ही ज्याला उभारी म्हणत होतो तिचा मोठा वाटा खोट्या गोळीनेही दिला होता. किंवा बी-१२ ने. किंवा दर आठवड्याला कुणीतरी आपल्याला तपासतंय, विचारतंय, लिहून घेतंय, याने. कॅरी लोडर खोटं बोलली असं मला मुळीच वाटत नाही. मी बोलले होते का?

डॉक्टरांकडे गेले तेव्हा नेहमीचे मोठे डॉक्टर नव्हते, त्यांच्या हाताखालची एक तरुण मुलगी होती. सगळं ऐकून घेतलं तिने. मी म्हटलं, "मला वाटायचं, अमिनो आम्ल आहे, नैसर्गिक आहे, ते इंजेक्शनसारखं नाही." ती हसली. "काकू, तुमचं इंजेक्शन कशाचं आहे माहितीये? चार अमिनो आम्लांचंच. ग्लुटामिक आम्ल, अलनिन, लायसिन, टायरोसिन. आणि तुमच्या कॅप्सूलमधलं फेनिलॲलनिन यकृतात जाऊन टायरोसिनच होतं."

इतकी वर्षं ते फ्रिजमध्ये होतं. खोक्यातला कागद मी एकदाही उघडून वाचला नव्हता.

तिने सांगितलेली पुढची हकिगत मी घरी येऊन नीट वाचली. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी मायकेल सेला, रूथ आर्नन आणि द्वोरा टाइटेलबाउम यांनी मायलिनमधल्या प्रथिनाची नक्कल करायला ही चार आम्लं कशीही माळेत ओवली. इरादा होता प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार मुद्दाम निर्माण करण्याचा. झालं उलटं, आजार येईना, उलट त्या माळेने तो अडला. त्यांनाही फरक आला होता, आणि तोही अगदी उलट्या बाजूला. १९९६ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ ते लोक आधी प्राण्यांत आणि मग माणसांत तोच हिशोब पुन्हा पुन्हा ताळ्याला लावून बघत राहिले. मी पुढच्याच वर्षी माइक उचलला.

पंतनगरला मी गेले. मोनोरेल नुकती सुरू झाली होती, पण ती त्या बाजूला जात नव्हती, रिक्षाने गेले. सगळं सांगितलं, डायरीसकट. मुलगी गप्प होती. आई म्हणाली, "म्हणजे इंजेक्शन सोडल्यामुळेच झालं?" इथे मला हो म्हणायचा मोह झाला. हो म्हटलं असतं तर निदान गुन्हा तरी पक्का झाला असता, आणि गुन्हा पक्का झाला की माफी मागता येते. पण इंजेक्शन घेऊनही झटके येतातच, मला आला होता. शक्यता वाढली एवढंच म्हणता येतं. मी तेवढंच म्हटलं. त्याने कुणाचंच समाधान झालं नाही. चहा झाला, मी निघाले, मुलीने काठी टेकत दारापर्यंत येऊन माझ्या चपला सरळ करून दिल्या.

कॅप्सूल मी बंद केली तेव्हा काही झालं नाही. बरं वाटायचं तसंच वाटत राहिलं, वाईट दिवशी वाईट. भाची अजून दर खेपेला विचारते, "मावशी, आणू का?" तिच्यावर माझा राग नाही. ती प्रेमाने आणते, आणि प्रेमाने आणलेल्या गोष्टीला गुण येतोच थोडासा. त्याचाही एक गुण मोजपट्टीवर असेल.

मागच्या एप्रिलमध्ये मानखुर्दहून एका बाईंचा फोन आला. मुलगा बावीस वर्षांचा, नुकतंच निदान. माझं जुनं भाषण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. "ताई, तुम्हाला नक्की कशाने फरक पडला तेवढं सांगा."

मी डायरी जवळच ठेवते आता. वाचून दाखवली, तारखांसकट. रोजचं इंजेक्शन, जे कधी चुकवलं नाही. स्टेरॉइड. बी-१२, पण ते रिपोर्टात कमी होतं म्हणून. व्यायाम. कॅप्सूल, आणि तिच्यापुढे ०.६ हा आकडा. आणि जूनमध्ये आलेला पाऊस. पलीकडे त्या लिहून घेत होत्या, मधेच "हळू सांगा" म्हणाल्या. शेवटचं ऐकून थांबल्या.

"बाकीचं डॉक्टरांना विचारते," त्या म्हणाल्या. "पाऊस कुठून आणू, ताई?"

ते मला सांगता आलं. सुती नॅपकिन ओला करून, पिळून, घडी घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. दुपारी दोनच्या सुमाराला पाय जड झाले की मानेवर टाकायचा. दोन करून ठेवा म्हटलं, एक गरम होईपर्यंत दुसरा गार होतो.